ढापे दसऱ्यानंतर

चिंचदरा, १६ जानेवारी

अंगद,

आशीर्वादानं सुरुवात करायची रीत आहे. पण तुझ्या वाट्याचे सगळे आशीर्वाद मी तू दहावीला बसलास तेव्हाच देऊन टाकले, आता नवे शिल्लक नाहीत. तू माझा नंबर ब्लॉक केलास हे मला उशिरा कळलं. बरंच केलंस. फोनवर मला धड रागावता येत नाही, मधेच रेंज जाते आणि मी भिंतीशी भांडत बसते. पोस्टमनला कुणी ब्लॉक करू शकत नाही. पाकिटावर 'नागापूर, अहिल्यानगर' असं नीट लिहिलं आहे, तोंडात मात्र अजून नगरच येतं.

काल काकासाहेब तिळगूळ घेऊन आले. बंधारा समितीचा अध्यक्ष लांबच्या पुलावरून वळसा घालून माझ्या दारात तिळगूळ द्यायला येतो, म्हणजे पुडीत काहीतरी कडू असणारच. होतंच. पुडीखाली कागद होता. उंबरी नदीच्या नव्या पात्राच्या तोंडाशी भराव घालून नदी पुन्हा जुन्या पात्रात वळवायला आमची हरकत नाही, असं त्यावर छापलेलं. खाली तुझी सही, शाळेतल्या वहीवर करायचास तशी, शेपूट लांबवलेली. तिच्या शेजारी माझ्यासाठी मोकळी जागा.

मी सही करणार नाही. पहिल्याच पानावर सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव.

काकासाहेब म्हणाले, "आक्का, अंगदनं केली की सही. त्यो मशिनीतला मानूस हाय, त्याला कळतं."

मी म्हटलं, "मशिनीतला हाय म्हनूनच तर ही येळ आली. नदी काय मशिन हाय का?"

ते तिळगूळ न खाताच गेले. पुडी इथंच आहे.

तू म्हणशील, आक्का पुन्हा तेच उगाळते. उगाळते, कारण तू एकदाही ऐकून घेतलं नाहीस. परवा आपल्या नव्या पोस्टमननं मला विचारलं, ढापे म्हणजे काय हो? तो कोपरगावकडचा आहे. मी त्याला सांगितलं, बंधाऱ्याच्या दगडी खांबांमधे ज्या फटी असतात, त्यांत सोडायचे लोखंडी पत्रे. सोडले की पाणी अडतं, काढले की नदी मोकळी. त्याला एका वाक्यात कळलं. मग त्यानं विचारलं, कधी सोडायचे? मी म्हटलं, दसऱ्यानंतर. हे आपल्या वडिलांचं, तात्यांचं वाक्य. बंधारा झाल्यापासून ते जाईपर्यंत ढाप्यांची राखण त्यांच्याकडे होती, आणि दसऱ्याच्या आधी त्यांनी एका ढाप्याला कुणाला हात लावू दिला नाही. डोंगरातली नदी आहे, म्हणायचे, हस्त गेल्याशिवाय तिचा भरवसा न्हाई.

गेल्या वर्षी भाद्रपद कोरडा गेला. नदी खडकांवरून नुसती ओघळत होती. तू गणपतीला आला होतास. काकासाहेबांनी घाई केली आणि तू कामाला लागलास. नवे ढापे वर्कशॉपमधून करून आणलेस, कडांना रबर लावलेलं, थेंब गळणार नाही असे. आधीचे पत्रे भंगारात विकायला चोरीला गेले होते म्हणून आडवी अँगल टाकून बोल्ट आवळलेस. ही अक्कल वाईट नव्हती, हे मी तेव्हाही म्हटलं. पण दसरा हुंदे, एवढंच मी काठावरून ओरडले. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "आक्का, पंचांग बघून पानी अडवायचं का आता?" सगळे हसले.

तात्यांचे ढापे गळायचे. तू लहानपणापासून त्यावरून त्यांना चिडवायचास. ते म्हणायचे, "गळतं त्ये खालच्यांचं." तुला तो म्हाताऱ्याचा कामचुकारपणा वाटायचा.

मग तू नगरला गेलास, आणि तुझा पान्यांचा डबा मोटारसायकलच्या डिकीत तुझ्यासोबत गेला. हस्तातली ती दुपार. इथं लख्ख ऊन होतं, मी अंगणात उडीद वाळत घातले होते. हरिश्चंद्रगडाच्या बाजूला तेवढं आभाळ काळं. आधी चिखलाचा वास आला, मग आवाज. माणसं पहारी घेऊन धावली, पण बोल्ट पाण्याखाली गेले होते आणि पाना नगरात. नदीनं बंधाऱ्याला धडक दिली, दार उघडेना म्हणून बाजूची भिंत फोडतात तसा आपल्याकडचा भराव फोडला आणि आपल्या रानातून निघून गेली.

तू आलास तेव्हा सांज होत होती. बंधाऱ्यावरून चालत शेवटापर्यंत आलास. जिथं आपल्या बांधावर उतरायच्या पायऱ्या होत्या तिथं काहीच नव्हतं. तू त्या टोकाला, मी इकडे म्हशीचं दावं धरून, मधे लालभडक पाणी. मी हात वर केला. तू पाठ फिरवून गेलास. तेव्हापासून तुझं तोंड मी पाहिलेलं नाही.

पुष्पावती

(आक्का लिहायचं होतं. राहिलं.)


चिंचदरा, ५ मार्च

अंगद,

ज्योतीचा फोन आला होता. तिला रागावू नकोस, नणंद-भावजयीनं बोलायचं नाही असा कायदा अजून झालेला नाही. ती म्हणाली, तू माझं पत्र दोनदा वाचलंस आणि मग म्हणालास, "आक्काला नदी कशाला पायजे? माझी चूक गावाला रोज दिसावी म्हनून."

हे ऐकल्यावर मी चूल विझवली आणि बाहेर जाऊन बसले. स्वयंपाक केला असता तर सगळं खारट झालं असतं.

अरे, ही एवढी नदी, डोंगरापासून मुळेपर्यंत जाणारी, ती तुझी चूक? तुझ्या वर्कशॉपमधला बिघडलेला जॉब आहे का ती, स्क्रॅपमधे टाकला आणि साहेबाला कळलं नाही? तू घाई केलीस, ती तुझी चूक. गाव तुला हसत नाही. गाव स्वतःच त्या दिवशी तुझ्यासोबत पत्रे धरून उभं होतं, ते कुणाला हसेल? तुला तोंड लपवायचं आहे, म्हणून नदीला गाडायला निघालास. मी तुला लहानपणी फुटलेला माठ मातीत पुरताना पकडलं होतं, आठवतं?

आणि दुसरं. ज्योती म्हणाली, त्या संध्याकाळी मी हात केला तो तुला 'चालता हो' असा वाटला. मी हात केला तो 'आम्ही जिवंत आहोत' म्हणून. एवढ्या पाण्याच्या आवाजात दुसरं कसं सांगणार होते? इतके महिने तू हे उराशी धरून बसलास, आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस. याचा मला नदीपेक्षा जास्त राग आहे.

आता रानाचं ऐक. आपल्या त्या तुकड्याला सगळे डोहाचं रान म्हणतात. डोह तर कुठं नव्हता, नदी दोन शेतं पलीकडे. मी पोरवयात तात्यांना विचारलं होतं, डोह कुठंय? ते म्हणाले, "आसंल कवातरी." पूर ओसरल्यावर मी कापलेल्या दरडीपाशी उभी राहिले. वर कंबरभर काळी माती, आणि तिच्याखाली गोल गुळगुळीत गोटे, वाळू, शिंपल्या. खाली सगळी नदीच होती. आपण तिच्या अंथरुणावर गहू पेरत होतो. कुठल्या काळात ती उठून गेली असेल, आणि आता परत आली. जिथं नाव होतं तिथंच डोह पडला आहे, भर उन्हाळ्याच्या तोंडावर माणूस बुडेल इतका. नव्या पात्राच्या तोंडाशी खडकाचा उंबरा उघडा पडला आहे, त्यावरून पाणी खाली उतरतं. मरळ आली, खंड्या आला. आपली विहीर शिमग्याला तळ दाखवायची, ती अजून निम्मी आहे. वरच्या ठाकरवाडीचा हापसा बंद पडला होता, तो चालू झाला.

खोटं बोलणार नाही. पलीकडच्या काठाच्या विहिरी खाली गेल्या. काकासाहेबांचा ऊस यंदा सुतळीसारखा आहे. आपलं निम्मं रान गेलं, त्यात अर्धं तुझं, अर्धं माझं. दळणाला जायला मला मोठ्या पुलावरून वळसा पडतो. मी काकासाहेबांना म्हटलं, डोहाच्या काठाला आमच्या हद्दीत विहीर पाडा, जागा मी देते, पाइप टाकून पलीकडे न्या. तर ते म्हणाले, "बाईच्या दारातून पानी न्यायचं का आता आमी?" बाईची सही चालते, बाईच्या दारातलं पाणी चालत नाही.

आक्का


चिंचदरा, १४ एप्रिल

अंगद,

ज्योतीच्या चुलतभावाच्या लग्नाला मी गेले होते. तू आला नाहीस. तुझे सासरे रामहरीमामा सगळ्यांना सांगत होते, जावयाला सुट्टी न्हाई. मी मान डोलावली. तुझ्यासाठी मी इतकं तरी खोटं बोलते.

लग्न डोंगरात, माथ्याजवळ. दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हटलं, मला उंबरीचा उगम दाखवा. आयुष्य तिच्या काठावर गेलं आणि ती निघते कुठून ते पाहिलेलं नव्हतं. मामा या वयात माझ्यापुढं चालत होते आणि मी धापा टाकत होते. उगम म्हणजे काय, करवंदीच्या जाळीत एका काळ्या कातळाला ओल. हात लावला तर हात ओला होतो, तांब्या लावला तर भरायला जेवणाएवढा वेळ. मला हसू आलं. हीच का ती, जिनं माझं रान नेलं?

मामा कड्याच्या कडेला बसले आणि त्यांनी समोरचे उतार दाखवले. त्यांच्या आज्यानं पाहिलं होतं तेव्हा हिरडा, जांभूळ, ऐन, असं दाट की उन्हाळ्यात गुरं आत शिरली की शोधायला माणसं लागायची. मग कोळशाच्या भट्ट्या लागल्या. एकेक उतार भट्टीत गेला आणि पोत्यांत भरून खाली उतरला. झाडं गेल्यावर गवत राहिलं, गवतावर गुरं चढली. नंतर यंत्रं आली, उतार सपाट करून बागा आणि बंगल्यांचे प्लॉट. माती सुटली आणि खाली आली. आपल्या बंधाऱ्यात जो गाळ बसलेला असतो ना, तो यांचा डोंगर आहे.

मामा म्हणाले, "पयलं पाऊस पडला तं डोंगर दोन दिस पानी धरून ठिवायचा, मंग सोडायचा. आता म्हशीवानी अंग झटकतो अन् मोकळा हुतो."

उतरताना मी नदीच्या कडेकडेनं आले, जिथपर्यंत पाय चालले तिथपर्यंत. वर धोंडे कोनाकोनाचे, अंगाला लागतात. खाली येऊ तसे ते गोल होत जातात. गावाच्या जवळ आल्यावर मात्र वाळू कुठं दिसतच नाही. आपण लहान असताना बंधाऱ्याखाली इतकी वाळू होती की तिच्यात झिरे उकरून प्यायला पाणी भरायचो. ती किती ट्रॅक्टरांनी नेली हे तुलाही माहीत आहे, मलाही, आणि रात्री ट्रॅक्टर जाताना दाराची कडी लावून गप्प बसणाऱ्या सगळ्या गावाला. आता जुन्या पात्राची नुसती हाडं वर आली आहेत.

सबंध वाटभर मी तुझ्याशीच बोलत होते. तात्यांच्या काळी दोन दिवसांत उतरायचं ते पाणी आता एका दुपारी येतं. ते धरायला वर झाड नाही, जिरवायला खाली वाळू नाही. आणि काकासाहेबांना ते सगळं पुन्हा त्या एका जुन्या घळीत कोंबायचं आहे, वर तुझ्या बोल्टांचं कुलूप. पुढच्या वेळी ती माझं रान फोडेल की त्यांचं, की सरळ गावात शिरेल, हे काकासाहेब लिहून देणार आहेत का? त्यांना विचार. मी विचारलं तर म्हणतात, बायकांनी नदीच्या भानगडीत पडू नये. पाणी मात्र बायकांनीच भरायचं.

तू वाटपाचा दावा लावणार आहेस असं कानावर आलं. लाव. कोर्टात मी डबा घेऊन येईन. तुला आवडणारी शेंगदाण्याची चटणीही आणीन, पण सही देणार नाही.

आक्का


चिंचदरा, २४ मे

अंगद,

पोकलेन आलं आणि गेलं. तुला काकासाहेबांकडून कळलं असेलच, पण त्यांच्या सांगण्यात मी डाकीण असेन, म्हणून माझ्याकडूनही ऐक.

आधी आसरांचं सांगते. बंधाऱ्याखाली जुन्या पात्राच्या काठी साती आसरांचे शेंदूर लावलेले सात दगड होते, तिथं आपली आई तुला कडेवर घेऊन जायची. पूर चढला की गावच्या बायका तिथंच नदीची ओटी भरतात. यंदा तिथं धूळ होती. दगडांभोवती गाढवं लोळत होती. अक्षय्य तृतीयेला बायका जमल्या आणि वाद झाला. कुणी म्हणालं, देव हलवू नयेत. तेव्हा ठाकरवाडीची म्हातारी धोंडाई म्हणाली, "आसरा पान्यातल्या बाया. पानी गेलं तिकडं त्या कवाच गेल्या आसतील. हे नुसतं दगूड राह्यलेत, त्ये तेवढं न्या." मग पाटीत घालून, वाजत गाजत, मोठ्या पुलावरून वळसा घालून सातही दगड आपल्या रानातल्या नव्या डोहावर आणले.

ते नेमके कुठं ठेवायचे हे मी ठरवलं. खडकाच्या उंबऱ्यापाशी, बरोबर जिथं काकासाहेबांचा भराव पडणार होता तिथं. मुद्दाम ठरवलं. आसरा मला काय म्हणायचं ते म्हणतील.

मशिन आलं तेव्हा मी दगडांशेजारी पाण्यात पाय सोडून बसले होते. हळूहळू बायका आल्या. पलीकडच्या काठाच्याही आल्या, हे लिहून ठेव. काकासाहेबांची सून आली आणि सासऱ्याकडे पाठ करून बसली. ऑपरेटर कल्याण नावाचा, बीडकडचा, तरणाबांड. त्यानं मशिन बंद केलं, खाली उतरला, दगडांना हात जोडले.

काकासाहेब म्हणाले, "आरं, दगडाला काय भ्यायचं? उचलून बाजूला ठिवू."

कल्याण म्हणाला, "देवाचं माझं मी बघतो वो. तुमी मालकाच्या सहीचा कागूद दावा."

कागद दाखवला. त्यानं वाचला. "ही एक सही. दुसरी?"

"ती बाई बसलीय ना समोर, तिची. दील ती."

"देनार न्हाई," मी म्हटलं.

कल्याण हसायला लागला. म्हणाला, "चेरमन, मागं एकदा आसंच एका सहीवर रान उकरलं, माझं मशिन तहसीलात उभं व्हतं, टायरला गवत उगवलं. मी काय भरत न्हाई हे." टायर नसतात त्या मशिनला, साखळ्या असतात, पण बोलायची पद्धत. मशिन परत ट्रेलरवर चढवलं आणि जाताना आमच्याकडं चहा पिऊन गेला.

काकासाहेब काठावर एकटे उभे राहिले. बायका हसत होत्या, मला हसवेना. त्यांचा ऊस खरंच वाळला आहे. मी जवळ जाऊन म्हटलं, "नदी कोंडायची न्हाई, पन तुमाला तोडायची बी न्हाई. तुमच्या जुन्या पात्राचं दार आपन आजून उघडलंच न्हाई."

आक्का


चिंचदरा, २ जून

अंगद,

हे पत्र लहान आहे. वेळ थोडा राहिला.

मी काल बंधाऱ्यावर जाऊन आले. तुझे ढापे अजून तसेच आहेत. पूर आला, रान गेलं, नदी निघून गेली, आणि दार बंदच. त्यांच्यामागे गाळ आणि ओंडके वरपर्यंत चोंदलेत. नदीनं पूर्ण पाठ फिरवली ती याच्यामुळे. तिला त्या बाजूला जायला वाटच नाही. ढापे काढले, गाळ उपसला, तर पुरातलं पाणी दोन्हीकडून जाईल. काही माझ्या रानातून, काही काकासाहेबांच्या काठानं. एवढा साधा उपाय समोर असताना आपण सगळे कागद नाचवतो आहोत.

गाळ काढायला गाव तयार आहे. काकासाहेबांनी नाही म्हटलं नाही, त्यांच्यासाठी ते हो म्हणण्यासारखंच. गॅसकटरनं कापूया म्हणून काहीजण आले होते. मी कापू दिले नाहीत. ज्यानं आवळले त्यानं सोडवावेत. गावाचंही तेच म्हणणं आहे, आणि ते रागानं नाही.

तू मला दावा लावणार आहेस, लाव. बोलणार नाहीस, नको बोलू. जेवायला नको येऊ. सही मी देणार नाही ती नाहीच. पण पाना घेऊन ये. मिरग लागायच्या आत ये.

आक्का


चिंचदरा, १९ ऑगस्ट

अंगद,

तू आलास त्या दिवशी मी तुला सकाळपासून पाहत होते. माझ्या काठावर जांभळीखाली बसले होते, हातात निवडायचे तांदूळ, एकही निवडला नाही. तू गुडघाभर गाळात उभा राहून एकेक बोल्ट सोडवत होतास. गंजलेल्या बोल्टावर रॉकेल ओतायचास, थांबायचास, पुन्हा जोर लावायचास. माणसं मदतीला आली तर त्यांना गाळाकडं पिटाळलंस, बोल्टाला कुणाला हात लावू दिला नाहीस. तात्याही असेच होते. शेवटचा ढापा निघाला तेव्हा काकासाहेबांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला, तेही पाहिलं.

मग तू बंधाऱ्याच्या टोकाशी आलास, जिथं पायऱ्या नाहीत तिथं. मी हात केला. या वेळी तूही केलास. आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेलास! मी इकडं पिठलं-भाकरी झाकून बसलेली. माझी पाण्यातून पलीकडं येण्याची तयारी होती, साडीचा ओचा खोचलाही होता. म्हटलं होतं जेवायला नको येऊस, म्हणून काय खरंच यायचं नाही? एवढं कुणी शब्दाला धरून चालतं का? ते पिठलं म्हशीला घातलं नाही, शेजारी दिलं, एवढंच समाधान मानून घे.

आता नदीचं. परवा ती आली. तशीच, इथं ऊन असताना, आधी वास, मग आवाज. सगळं गाव बंधाऱ्यावर, मी माझ्या काठावर. पाणी बंधाऱ्यापर्यंत आलं, खांबांवर आपटलं, आणि फुटलं. एक धार मोकळ्या फटींमधून जुन्या पात्रात धावली, दुसरी खडकाच्या उंबऱ्यावरून माझ्या डोहात. मोठी धार माझ्याकडंच होती, पण पलीकडेही काही कमी नव्हतं. माझ्या रानाची आणखी एक कड गेली. शेवग्याचं झाड गेलं, तू लावलेलं. ती राहते तिथं, थोडी हातपाय पसरणारच.

काल पूर उतरल्यावर बायका ओटी भरायला आल्या. आधी इकडं नव्या डोहावर भरली, मग वळसा घालून जुन्या पात्रातही भरली. धोंडाई म्हणाली, "दोन घरं करनारी हाय ही, दोन्हीकडं मान द्याया पायजे." काकासाहेबांची विहीर भरली. ते मला आभार वगैरे मानणार नाहीत. पण त्यांनी सकाळी निरोप पाठवला, की डोहाच्या काठी गावची विहीर पाडायची तर जागा दाखवा. बाईच्या दारातलं पाणी आता चालतं असं दिसतं.

संमतीपत्राचा तो कागद अजून माझ्याकडं आहे, संक्रांतीच्या तिळगुळासकट. तिळगूळ दगड झाला आहे. कागदाच्या त्या मोकळ्या जागेवर मी काहीही लिहिणार नाही.

वकिलाचा कागद आला नाही. येणार असेल तर पाठव, मी घाबरत नाही. येणार नसेल तर तेही एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. ज्योती म्हणते, तू माझा नंबर सुरू केलास, पण फोन करायचं धाडस होत नाही. मग नको करूस. ये.

ढापे पुन्हा टाकायचे गावानं ठरवलं आहे, अर्ध्या उंचीचे, खडकाच्या उंबऱ्याइतके. त्याच्या वरचं पाणी नव्या वाटेनं जाईल. काकासाहेब गणपतीतच टाकू म्हणत होते. या वेळी मी काही बोलायच्या आत सगळं गाव ओरडलं, दसऱ्यानंतर. तेव्हा दसऱ्याला सोनं द्यायला ये, दुसऱ्या दिवशी कामाला लाग. पायऱ्या नाहीत, तर माझ्या बाजूनं दोरी टाकीन. किंवा पाण्यातून चालत ये, तोवर ओढ कमी झालेली असेल.

आणि ऐक. बोल्ट लागतील तेवढे आण, चोर अजून आहेत. रबर मात्र आणू नकोस. थोडं गळू दे, खालच्यांना लागतं.

तुझी आक्का